पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हा एक विषय सोडून बाकीचं सगळं बोलत आले. आता वाचनालयाची स्मरणिका निघते आहे, आणि "बाई, तुमच्या आठवणीतल्या चार ओळी द्याच" म्हणून मंडळी महिनाभर मागे लागली आहेत. लिहायला बसले, तर चार ओळी सुचेनात. सुचतंय ते फक्त हेच. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. छापायचं की नाही ते मंडळी बघतील.

तुम्ही कदाचित मला ओळखत नसाल. विरार पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला लागून, आमचं वाचनालय आहे. संध्याकाळी पाच ते आठ. ते मी चालवते — पगार नाही, पण हुकमत पूर्ण. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे मी अशी बघते, की पुढच्या वेळी तो दोन दिवस आधीच येतो. फटकळ आहे मी. लोक म्हणतात, बाईंच्या तोंडाला लागू नका, पण मनाने साफ आहेत. मनाने साफ! हे ऐकलं की मी रजिस्टरात तोंड खुपसते. का, तेच सांगायचं आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे, मीच पाडलेली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा, आणि वाचून झालं की वाचकाने त्यावर दोन ओळींत अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचं. लोक पुस्तक घेताना आधी मागचं पान उघडतात. 'झोप लागत नसेल तर उत्तम' असं कुणी लिहून ठेवलं, की ते पुस्तक सहा महिने कपाटातून हलत नाही.

आणि दुसरं म्हणजे बाइंडिंग. पुस्तकं चार हातांत फिरली की खिळखिळी होतात. ती बाजारातल्या बाइंडरकडे द्यावीत असं कमिटीत निघालं, तेव्हा मी ठणकावलं — कशाला? मी करते. आणि करायचेही. शिवायला दाभण आणि सुताचा दोरा, चिकटवायला कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली मैद्याची खळ, दाबाला घरचा पाटा. पुस्तक उसवायचं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, पुन्हा ओळीने लावून शिवायचे, वर पुठ्ठा. बाई, बाइंडर झक मारेल, असं कमिटीतले म्हणायचे आणि मी "छे हो" म्हणत मान हलवायचे. आतून फुगायचे, दुसरं काय?

आता गजानन म्हात्रे.

गजाननराव म्हणजे बाजारातले टायपिंगवाले. मूळ जवळच्याच चांदीप गावचे. घरची भातशेती भाऊ बघायचा आणि हे एका छोट्या गाळ्यात बसून लोकांचे अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. त्यांना सभासद मीच करून घेतलं होतं. आठवड्याला दोन पुस्तकं न्यायचे, परत देताना टेबलावर अलगद ठेवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी त्यांनी पिशवीतून एकाच पुस्तकाच्या दोन प्रती काढल्या आणि म्हणाले, "बाई, ही ठेवा. माझी हायत." मला वाटलं, देणगी. कव्हर बघितलं, तर लेखक म्हणून त्यांचंच नाव!

आनंद झाला, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. झाला नव्हता. मी स्वतः कथा लिहायचे हो. दर वर्षी दिवाळी अंकांना पाठवायचे, दर वर्षी त्या साभार परत यायच्या. पुढे पुढे परतही येईनात. आणि इथे अर्ज टाइप करणारा माणूस कादंबरी छापून उभा! मी तोंडभरून अभिनंदन केलं. चहा मागवला. बिस्किटंसुद्धा.

कादंबरीचं नाव 'बिनसहीचा हुकूम'. राजकीय कटाची गोष्ट. एका मंत्र्याच्या कचेरीतून आठ गावांची जमीन ताब्यात घेण्याचा हुकूम बाहेर पडतो, आणि त्यावर सहीच नसते. मंत्री म्हणतो मी काढला नाही, सचिव म्हणतो मी पाहिला नाही. सगळीकडे बोंबाबोंब होते, सरकार डळमळतं, एक माणूस जिवानिशी जातो. हुकूम बाहेर धाडला कुणी? शेवटी कळतं — मंत्र्याची टायपिस्ट, विमल. वीस वर्षं मान खाली घालून टाइप करणारी बाई. का धाडला, त्यावर सगळी कादंबरी उभी होती.

दोन्ही प्रतींवर उड्या पडल्या. एक प्रत चांदीपचा एक सभासद घेऊन गेला, ती तिकडेच गावागावांत फिरत राहिली. दुसरी आमच्या बिल्डिंगांमध्ये फिरली आणि महिन्याभरात तिची पानं सुटली. मी ती घरी आणली. तो रविवार होता, नणंद सहकुटुंब जेवायला यायची होती, आणि मला वाटलं, कुकर होतोय तोवर शिवून टाकू. टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, पुस्तक उसवलं, शिवलं, पाट्याखाली ठेवलं. शिवण्याआधी फर्मे मोजायचे असतात. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात ते. मी नाही मोजले.

नंतर मी ती कादंबरी वाचली. हो, तोवर वाचलीच नव्हती — हातात घ्यावीशीच वाटत नव्हती. वाचायला लागले तर काय, खाली ठेववेना. आणि शेवटाला एकदम पचका. एका प्रकरणाच्या अखेरीस पोलीस कचेरीत शिरतात, आणि पुढच्या प्रकरणात विमल कोर्टात उभी राहून "होय, मीच" म्हणते. का म्हणते? कशासाठी? काही नाही! बाई एकदम गुन्हेगार होऊन मोकळी. मला काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. म्हटलं, हां, म्हणजे जमलेलं नाहीये. मागच्या कागदावर बिल्डिंगमधल्यांचे अभिप्राय येऊ लागले. 'लेखक शेवटी दमला.' 'टायपिस्टने हे का केलं ते लेखकालाही ठाऊक नसावं.' दुसऱ्या मजल्यावरचे प्रधानकाका, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि म्हणून या विषयातले आमचे हायकोर्ट, त्यांनी लिहिलं, 'सुरुवात झकास, शेवट बोगस.'

आणि गावाकडून तीच कादंबरी वाचलेले लोक पुस्तक बदलायला आले की म्हणायचे, शेवट वाचून रडलो. एक म्हातारे गृहस्थ, स्वतः शेतकरी, मला म्हणाले, त्या विमलबाईच्या पाया पडावंसं वाटलं. पाया? कशाबद्दल?

मग काय, दोन तट पडले — बाहेरून बिल्डिंगांत राहायला आलेले आणि मूळ गावचे. बिल्डिंगवाले म्हणायचे, त्यांचा माणूस आहे ना, म्हणून डोक्यावर घेतलाय. यांना कादंबरीतलं काय कळतं. गाववाले म्हणायचे, आपल्यातला एक लिवता झाला त्ये बिल्डिंगवाल्यांना बघवत नाय. तुम्ही विरारचे असाल तर हे किती पटकन पेटतं ते तुम्हाला सांगायला नको. वाचनालयात लोक एकमेकांशी बोलताना जरा जपूनच बोलायला लागले. शेवटी कमिटीने ठरवलं, वाचकसभा घेऊ. लेखकालाही बोलवू. होऊ दे समोरासमोर.

सभेच्या आठ दिवस आधी आमचा रद्दीवाला आला. मी गठ्ठा काढून दिला, त्याने वर्तमानपत्रं झटकली, आणि मधून सोळा पानं खाली पडली. दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. शिवताना पसरलेल्या कागदांत अडकून गेलेला फर्मा. त्याआधीच्या पानावर एक प्रकरण संपत होतं, नंतरच्या पानावर दुसरं सुरू होत होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पानांचे आकडे कोण बघतं?

रद्दीवाल्याला तसंच थांबवून मी दारात उभ्या-उभ्या ती पानं वाचली. विमल त्यात तिच्या मंत्र्याशी बोलते. हुकूम गुपचूप निघणार होता, आठ गावांना कळायच्या आत सगळं उरकणार होतं. तिने तो सहीआधीच बाहेर धाडला, म्हणजे बोभाटा होईल, म्हणजे थांबेल. आपण तुरुंगात जाणार हे ठाऊक असून. वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द टाइप केले, आज पहिल्यांदा माझं काहीतरी टाइप केलं, असं ती म्हणते. माझे डोळे भरून आले. रद्दीवाला म्हणाला, "ताई, कोणी गेलं का?"

आता सांगा, काय करायला हवं होतं? ती पानं घ्यायची आणि वाचनालयात जाऊन सांगायचं — लोकहो, चूक माझी. पाच मिनिटांचं काम. लोक हसले असते, चार दिवस चिडवलं असतं, बाइंडिंग बाजारात गेलं असतं. बस, एवढंच. मी ती पानं साड्यांच्या घडीखाली ठेवली.

बाइंडिंगची लाज वाटली म्हणून गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही होतंच. पण तेवढ्यासाठी माणूस आठ दिवस तोंड शिवून बसतो का? मी गप्प बसले, कारण ती पानं चांगली होती. आयुष्यभर खरडूनही असं एक पान माझ्या हातून उतरलं नव्हतं. ती सापडेपर्यंत गजाननरावांचं जमलं नव्हतं. सापडल्यावर जमलं होतं. आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

सभेला वाचनालय भरलं. गजाननराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते. प्रधानकाका उठले आणि वकिलासारखे एकेक मुद्दा काढत म्हणाले, विमल हे करते त्याला कारण काय, ते लेखकाने दाखवावं. गजाननराव गोंधळून उभे राहिले. "कारन लिवलंय की मी." गावाकडचे दोघे-तिघे म्हणाले, हाय, लिवलंय, आमी वाचलंय. बिल्डिंगवाले हसायला लागले — अहो, तुम्ही म्हणणारच! कुणीतरी ओरडलं, पुस्तक आणा, दाखवा पान! गजाननराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, द्या जरा."

पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, "दोन्ही प्रती बाहेर गेल्यात."

झालं. सभा संपली. लोक पांगले. गजाननरावही गेले. मला वाटलं, घरी जाऊन स्वतःची प्रत उघडतील, पान काढून उद्या प्रधानकाकांच्या नाकासमोर धरतील, आणि माझं बिंग फुटेल. रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी ते आले. हातात प्रत नव्हती. म्हणाले, "घरी जाऊन बघितलं. लिवलंय मी. सोळा पानं लिवलंय. तरी एवढ्या शिकल्यासवरल्या मानसांना त्ये दिसलंच नाय. म्हंजे मला लिवता येत नाय, बाई."

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायचं ना! दुसरी कादंबरी निम्मी झाली आहे, असं त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. मी विचारलं, तिचं काय? म्हणाले, बांधून माळ्यावर टाकली. आणि मी, मनाने साफ असलेली बाई, म्हणाले, "असं खचून जाऊ नये हो."

पुढच्या आठवड्यात मी ते पुस्तक पुन्हा उसवलं, चौदावा फर्मा जागेवर शिवला, मागचा अभिप्रायांचा कागद फाडून कोरा लावला. या वेळी फर्मे दोनदा मोजले. ते माझं आजवरचं सगळ्यात सुबक बाइंडिंग आहे.

आठ वर्षं गेली. गजाननरावांच्या गाळ्यात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला. ते पुस्तकं न्यायला येत, दोन नेत, दोन आणत. लिहिण्याचा विषय कधी काढत नसत. 'बिनसहीचा हुकूम' कुणी मागत नसे. मागच्या पावसाळ्यात प्रधानकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी निरोप धाडला, काहीतरी वेगवान पाठव. मी कपाटासमोर उभी राहिले आणि तेच पुस्तक काढलं. का काढलं, विचारू नका. हात तिकडे गेला खरा.

चौथ्या दिवशी काठी टेकत काका स्वतः आले. डोळे लाल. म्हणाले, "अगं, मी काय आंधळा होतो का? सगळं लिहिलंय त्याने! इतकं छान लिहिलंय, आणि मी भर सभेत त्या माणसाचे वाभाडे काढले. मला तेव्हा वाचताच येत नव्हतं." माफी मागायला गाळ्यावर जातो म्हणाले. मी म्हटलं, काका, पायाला त्रास होईल, मी सांगते त्यांना. म्हणजे पुन्हा खोटंच. एक माणूस म्हणतो मला लिहिता येत नाही, दुसरा म्हणतो मला वाचता येत नव्हतं, आणि मधे मी बसले आहे, दोघांना चहा विचारत. त्या दिवसानंतर जेवण गोड लागलेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. स्मरणिकेचा सगळा मजकूर टाइप करायला गजाननरावांच्याच गाळ्यात जातो. हाही जाईल. म्हणजे याचे पहिले वाचक तेच. समोर उभं राहून सांगायला हवं होतं, हे मला कळतं. तेवढी छाती आजही नाही.

वरचं टाइप होऊन आलं. आता पुढचं हाताने लिहून जोडते आहे.

पानं दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी गाळा बंद होता. तिसऱ्या दिवशीही. मंडळी विचारायला लागली, बाई, मजकूर कुठे अडकला? मी काय सांगणार? सहाव्या दिवशी संध्याकाळी गजाननराव वाचनालयाच्या दारात आले. आत आले नाहीत, बसले नाहीत. टाइप केलेली पानं त्यांनी लांबूनच टेबलावर ठेवली. माझ्या शब्दांतला एकही त्यांनी बदलला नव्हता. मी उठून उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "माझी मानसं मला सांगत होती, चांगलं झालंय म्हनून. माझा भाऊ सांगत होता. आठ वरसं मी म्हनलं, ह्यांना काय कळतंय. माझ्याच मानसांना मी येडं ठरवलं." माझी मान खाली गेली. एवढी वर्षं मी त्यांच्या कादंबरीचाच विचार करत होते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेजारी गिरणी चालू होती. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि माझ्या टेबलावरचं दाभण उचलून जरा वेळ बघत राहिले.

"दुसरी माळ्यावरनं खाली काडलीय," ते म्हणाले. "वाळवी लागली नाय. वरीसभरात होईल." आणि दाभण स्वतःच्या खिशात टाकत म्हणाले, "तिला तुमी हात लावायचा नाय."

मी म्हटलं, "नाही लावणार."